पद्मिनीला मोठा अल्टरनेटर बसवला, वायर मात्र तीच ठेवली

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि मधलं एक कुत्र्याचं भुंकणं काढलंय. बाकी बोलले तसंच.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल तर ऐकत राहा. गाडी चालवत असाल तर मात्र मध्येच फोन हातात घेऊ नका, हा भाग कुठे पळून जात नाही.

मागच्या वेळी मी ओझरतं म्हटलं होतं की आमच्या घरी १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांची. त्यावर तुमचे भरपूर मेसेज आले, आणि त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे होते. "ताई, आमच्या आजोबांची फियाट आहे, लाइट फार मंद पडतो, डायनामो काढून अल्टरनेटर टाकू का? किती अँपिअरचा टाकू?" म्हटलं, यावर बोलायलाच हवं. कारण मी तो टाकला. आणि टाकल्यावर तीन महिन्यांनी गाडी जाळता जाळता वाचवली.

ज्यांना पद्मिनी म्हणजे फक्त मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार व्हायला लागल्या, आणि त्यातली अकराशे सीसीची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. घरच्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्या चालवणारे आपल्यासारखे वेडेही आहेत.

तर झालं असं. जुलै महिना, चिपळूणला मामाकडे गेलो होतो, संध्याकाळी कराडला परत निघालो. कुंभार्ली घाट. पाऊस म्हणजे असा की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतोय. वर कुठेतरी ट्रक बंद पडला आणि आम्ही रांगेत अडकलो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू, ब्रेकवर पाय, काच धूसर होते म्हणून डॅशबोर्डवरचा तो छोटा पंखा चालू, आणि वर माझा फोन चार्जिंगला. तासाभराने लाइट पिवळे झाले. मग वायपर अर्ध्यावर येऊन विचार करायला लागले. मग इंजिन फटफट करायला लागलं. आई मागून म्हणाली, "अगं, फोन काढ आधी." फोन काढून काय होणार होतं! पण आईचं निदान बरोबर होतं. गाडीला खर्च जास्त आणि कमाई शून्य.

हा हिशोब मी घरी येऊन वहीत मांडला. तुम्हीही मांडा, आजच. वॉट भागिले बारा म्हणजे अँपिअर, एवढंच गणित आहे. मी ५५ वॉटचे हॅलोजन बल्ब टाकले होते, दोन मिळून ११० वॉट, म्हणजे ९ अँपिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे, नंबर प्लेट, मीटरचे बल्ब मिळून अडीच. वायपर तीन-साडेतीन. इग्निशन कॉइल तीन. ब्रेकलाइट २१ वॉटचे दोन, साडेतीन. पंखा एक, फोनचा फास्ट चार्जर दोन. बेरीज चोवीसच्या वर जाते.

आणि त्या काळातला डायनामो जास्तीत जास्त देतो वीस-बावीस. तेही गाडी पळत असताना. गाडी उभी, इंजिन स्लो चालू असेल तर जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून तर पद्मिनीत सिग्नलला लाल चार्जिंग दिवा मिणमिणतो. म्हणजे त्या घाटात सगळा भार एकट्या बॅटरीवर होता, आणि बॅटरी चार वर्षांची म्हातारी. तिने तासभर ओढलं हेच खूप.

आता डायनामो असा का वागतो? नीट ऐका, पुढचं सगळं यावर उभं आहे. डायनामोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या भागात, आर्मेचरमध्ये. ती बाहेर काढायची तर कम्युटेटर आणि कार्बन ब्रशमधून काढावी लागते. सगळाच्या सगळा करंट त्या दोन छोट्या कार्बनच्या तुकड्यांतून जातो. त्यामुळे करंटला मर्यादा. आणि ते जड आर्मेचर फार जोरात फिरवलं तर त्यातली तार बाहेर फेकली जाईल, म्हणून वेगालाही मर्यादा. वेगाला मर्यादा म्हणून पुली मोठी. पुली मोठी म्हणून स्लो इंजिनवर तो इतका हळू फिरतो की वीजच होत नाही.

अल्टरनेटरमध्ये उलटं केलंय. फिरतं ते चुंबक, आणि वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर गुंडाळीत. ब्रश आहेत, पण त्यांच्यातून फक्त चुंबक जागं ठेवण्यापुरता दोन-चार अँपिअर करंट जातो. मोठा करंट थेट स्थिर तारेतून बाहेर पडतो, वाटेत डायोड त्याला एका दिशेचा करतात. फिरणारा भाग दणकट, म्हणून वेग जास्त चालतो, म्हणून पुली छोटी. त्यामुळे इंजिन स्लो असतानाही पंचावन्नचा अल्टरनेटर पंधरा-वीस अँपिअर देऊन जातो. आमच्या घाटाचं उत्तर तिथेच होतं. नंतरच्या काळातल्या पद्मिनींमध्ये अल्टरनेटर दिसतो, तोही याच कारणाने.

बाबांचं मत वेगळं होतं. "डायनामोला काय झालंय? अठ्ठ्याहत्तर सालापासून चालतोय." मी म्हटलं, बाबा, अठ्ठ्याहत्तर साली तुम्ही चाळीस वॉटचे बल्ब लावून रात्री नऊच्या आत घरी यायचात. ते गप्प बसले. पटलं म्हणून नाही, वाद नको म्हणून. हे मला नंतर कळलं.

मग एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं. नाव घेत नाही, चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी. एका छोट्या गाडीचा ५५ अँपिअरचा अल्टरनेटर, चांगल्या अवस्थेतला. डायनामो लांबोडका असतो आणि अल्टरनेटर बुटका आणि जाड, त्यामुळे ब्रॅकेट बनवावं लागलं. ते त्यांनी छान बनवलं, पुली सरळ रेषेत आणली. डायनामोचा जुना कटआउट, म्हणजे तो रेग्युलेटरचा काळा डबा, त्याची आता गरज नव्हती. अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. मग त्या डब्यातल्या वायरी एकमेकींना पिळून जोडल्या, वरून टेप मारली. डायनामोची जी जाड वायर होती तीच अल्टरनेटरला लावली. मिस्त्री म्हणाले, "ताई, आता लाइट बघा." आणि लाइट खरंच असे लखलखीत की मी त्या रात्री उगाचच विद्यानगरपर्यंत चक्कर मारून आले.

तीन महिने काही झालं नाही. हे लक्षात ठेवा, तीन महिने काहीही झालं नाही.

दिवाळीच्या आधी गाडी महिनाभर उभी होती. बॅटरी पूर्ण उतरलेली. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली, आणि मी, बाबा आणि माझी सात वर्षांची भाची साताऱ्याला निघालो. हायवेला लागून दहा मिनिटं झाली असतील. भाची म्हणाली, "मावशी, कसलातरी घाण वास येतोय." प्लॅस्टिक जळल्याचा. मग डॅशबोर्डच्या खालून धुराची एक बारीक रेघ. गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, भाचीला आधी बाहेर काढलं. आणि धूर थांबेना! इंजिन बंद, किल्ली माझ्या हातात, आणि धूर वाढतोय.

बॅटरीचा टर्मिनल काढायचा तर दहा नंबरचा पाना हवा. पाना डिकीत, आणि त्याच्यावर फराळाचे तीन डबे, दोन बॅगा. बाबांनी ते डबे रस्त्यावर कसे फेकले ते मी विसरणार नाही. टर्मिनल निघाला तेव्हा कुठे धूर थांबला. बॉनेटखाली बघितलं तर त्या टेप मारलेल्या जोडाचा कोळसा झालेला, आणि तिथून वायरीचं आवरण वितळत आत फायरवॉलपर्यंत गेलेलं. चिवडा मात्र वाचला.

आता समजून घेऊया की तीन महिने न जळलेली वायर त्याच दिवशी का जळली. कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज आहे, माझाही होता.

पंचावन्न अँपिअरचा अल्टरनेटर म्हणजे तो सतत पंचावन्न अँपिअर ढकलत नाही. गाडी जेवढं मागेल तेवढंच देतो. रोजच्या वापरात, बॅटरी भरलेली, दिवसा चालवताय, तर मागणी दहा अँपिअर सुद्धा नसते. जुनी वायर ते आरामात सोसते. पण ज्या दिवशी बॅटरी रिकामी असते त्या दिवशी ती तहानलेल्या बैलासारखी ओढते. वीस, तीस, चाळीस. डायनामोच्या काळात ती कितीही तहानलेली असली तरी कटआउटच्या डब्यातलं करंटचं कॉइल वीस-बावीसवर लगाम घालायचं. वायरही त्याच मापाची होती. आम्ही लगाम काढला आणि वायर तीच ठेवली.

आणि उष्णता कशी वाढते? करंटच्या वर्गाने. अकरावीला फिजिक्स असेल तर आठवेल. वीसचे चाळीस अँपिअर झाले की वायर दुप्पट नाही, चौपट तापते. ज्या जागी पिळून जोडलंय, तिथे रेझिस्टन्स जास्त, म्हणून तिथे सगळ्यात आधी.

मग किल्ली बंद केल्यावरही का जळत होती? कारण ती वायर किल्लीतून जातच नाही. अल्टरनेटरपासून थेट बॅटरीकडे. आवरण वितळलं, तांबं बॉडीला टेकलं, आणि बॅटरीच शॉर्ट झाली. धक्का मारून सुरू केलेली, अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी होती म्हणून धुरावर भागलं. भरलेली बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते.

दुसऱ्यांदा काम केलं ते आमच्या जुन्या वायरमन काकांनी. सत्तरीचे आहेत, चष्मा कपाळावर. त्यांनी गाडी बघितली आणि पहिलं काय विचारलं माहितीये? "वायर कुठाय?" अल्टरनेटरकडे बघितलंही नाही.

त्यांनी केलं ते असं. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत दहा स्क्वेअर एमएमची नवी तांब्याची वायर, मध्ये एकही जोड नाही, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले थिंबल. जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. आणि फ्यूज. साठ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लोक फ्यूज अल्टरनेटरजवळ लावतात, अर्थ नाही त्याला. वायर मध्येच कुठे टेकली तर करंट येणार तो बॅटरीकडून, म्हणून पहारेकरी बॅटरीच्या दाराशी हवा. आणि फ्यूजचा आकडा वायरीच्या ताकदीवरून ठरतो. "उडतोय सारखा, शंभरचा टाकू का?" असा मेसेज करू नका. उडतोय तर का उडतोय ते शोधा.

मग अर्थिंग. याच्याकडे कोणी बघतच नाही. करंट जेवढा वायरीतून जातो तेवढाच बॉडीतून परत यायचा असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे इंजिन ते बॉडी ही विणलेली पट्टी हाच परतीचा रस्ता. आमची पट्टी हिरवी पडलेली, निम्मे धागे तुटलेले. बदलली.

डॅशबोर्डवर कोणी हौसेने अ‍ॅम्पिअर मीटर लावला असेल तर तोही तपासा. जुन्या मीटरमधून सगळा चार्जिंग करंट जातो, आणि तो तीस अँपिअरचा असेल तर तुमच्या गुडघ्यासमोर एक छोटी शेगडी आहे. काढा आणि व्होल्टमीटर लावा.

एक गंमत सांगते. मी शहाणपणा करून चार्जिंगच्या लाल दिव्यात एलईडी बल्ब टाकला होता. गाडी सुरू केली की अल्टरनेटर चार्जच करेना, जोरात रेस दिली की मग जागा व्हायचा. दोन दिवस डोकं खाल्लं. काका हसले. त्या साध्या दोन-तीन वॉटच्या बल्बमधून जो करंट जातो तोच अल्टरनेटरला पहिला धक्का देतो. एलईडीतून तेवढा जातच नाही. जुना बल्ब परत लावला, प्रश्न मिटला.

आणि एक सवय, जी गॅरेजमध्ये अजून आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, इंजिन बंद पडलं नाही म्हणजे चार्जिंग ओके. डायनामोच्या काळात चालून गेलं ते. अल्टरनेटरवर असं केलंत तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड उडू शकतात, सोबत तुमचा म्युझिक सिस्टिमही. कोणी पाना घेऊन बॅटरीकडे निघाला तर सरळ आडव्या जा. मी जाते. बॅटरीला आता कट-ऑफ स्विच लावलाय, हाताने फिरवायचा, पाना शोधायला नको. पण तोही इंजिन बंद करूनच फिरवायचा. आग लागली असेल तर अर्थात डायोडचा विचार करत बसू नका.

आता "किती अँपिअरचा टाकू?" याचं उत्तर. माझं मत विचाराल तर पद्मिनीला पंचेचाळीस ते पंचावन्न पुरे. नव्वदचा मिळतो, स्वस्तात मिळतो, म्हणून टाकू नका. कारण बेल्ट. एकच बारीक फॅन बेल्ट, त्याच्यावर पाण्याचा पंपही चालतो. पंचावन्न अँपिअर चौदा व्होल्टला म्हणजे पाऊणशे कमी आठशे, म्हणजे... थांबा, ७७० वॉट. अल्टरनेटर स्वतः बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतो, म्हणजे इंजिनकडून जवळपास दोन हॉर्सपॉवर घेतो. एकूण इंजिन चाळीसएक हॉर्सपॉवरचं. नव्वदचा अल्टरनेटर पूर्ण भारावर आला की बेल्ट घसरणार, किंचाळणार, आणि तुटला तर चार्जिंगबरोबर पाण्याचा पंपही बंद. घाटात इंजिन उकळलं की मग लाइट लखलखीत असून काय उपयोग.

ज्यांच्या गाड्या आणखी जुन्या, ब्रिटिश वळणाच्या आहेत त्यांनी आधी बघा, बॅटरीचा कुठला टर्मिनल बॉडीला जोडलाय. काहींमध्ये पॉझिटिव्ह असतो. तशीच वायर अल्टरनेटरला लावली तर डायोड त्याच क्षणी गेले.

आणि आता जरा उलटं बोलते. मेसेज केलेल्यांपैकी बऱ्याच जणांना अल्टरनेटरची गरजच नसेल. लाइट मंद आहे एवढीच तक्रार असेल तर आधी मल्टीमीटर घ्या आणि हेडलाइट चालू करून बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. मग बॅटरीवर मोजा. आमच्याकडे फरक सव्वा व्होल्टचा निघाला होता. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विच आणि डिपरच्या झिजलेल्या काँटॅक्टमधून फिरून येतो, वाटेतच सांडतो. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो, दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड साधारण तीस टक्के कमी. दोन रिले, थोडी नवी वायर, अर्थिंग घासून स्वच्छ, एवढ्यात निम्म्या लोकांचं काम होईल. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी तेच केलं असतं. अल्टरनेटर त्यानंतर.

त्याऐवजी हेडलाइटच्या काचेत एलईडी बल्ब खुपसणाऱ्यांबद्दल मी चांगलं बोलू शकत नाही. तो रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी घडवलेला असतो. तुम्हाला पांढरं दिसतं आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. मागच्या छोट्या दिव्यांत, मीटरमध्ये टाका खुशाल, अँपिअर वाचतील.

ज्यांना रॅलीत गाडी अस्सल दाखवायची आहे त्यांच्यासाठी डायनामोच्या आकाराच्या कवचात बसवलेले अल्टरनेटरही बाहेर मिळतात. महाग आहेत. आम्ही साधा मार्ग घेतला. बाबांनी डायनामो रॉकेलने धुतला, ग्रीस लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. वरती स्केचपेनने लिहिलंय, "चालू स्थितीत. १९७८." ब्रॅकेट असं बनवलंय की बॉडीला एकही नवं भोक नाही, उद्या परत बसवायचा तर दोन तासांचं काम.

काम झाल्यावर काकांनी मोजून दाखवलं ते आकडे सांगते, तुमच्याकडेही याच्या आसपास यायला हवेत. इंजिन बंद, बॅटरी १२.६ व्होल्ट. इंजिन चालू, थोडी रेस, १४.२. सगळे दिवे लावून अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंतचा फरक ०.१५. पाव व्होल्टच्या वर असता तर वायर किंवा जोड पुन्हा बघायला लागला असता. अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१. मग अर्धा तास गाडी चालवून त्यांनी वायरीवर हात फिरवला, सगळ्या लांबीवर, प्रत्येक जोडावर. गार. बाबांनीही फिरवला. तेव्हापासून लांबच्या प्रवासात पहिल्या चहाला थांबलो की ते आधी बॉनेट उघडतात, हात फिरवतात, मग चहा.

परवा पुन्हा कुंभार्ली. पाऊस, रांग, ट्रक, सगळं तसंच. पाऊण तास उभे. वायपर चालू, लाइट चालू, आणि व्होल्टमीटर १३.४ वर. भाचीने मागून विचारलं, "मावशी, मी टॅब चार्जिंगला लावू?" बाबा पुढून म्हणाले, "लाव की."

चला. तुमच्या गाडीवर मोजलेले आकडे पाठवा, गाडी कुठली, कुठल्या सालची, तेही लिहा. आणि फोटो पाठवलात तर अल्टरनेटरचा नको, वायरीचा पाठवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा विषय आहे कार्ब्युरेटर, आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलने आमच्या रबरी पाइपांचं काय केलं ते.